मेलेल्या पेशी काढल्या तरी सोमवारी पुन्हा तेवढ्याच: जुरकॅट कल्चरची व्हायबिलिटी सारखी का पडते?

"ताई, परत अडुसष्ट."

सलग चौथ्या सोमवारी ज्युनिअर कल्चर रूमच्या दारात उभी राहून हेच सांगत होती. फ्लास्कमध्ये जुरकॅट, म्हणजे तरंगत वाढणाऱ्या टी-लिम्फोसाइट प्रकारच्या पेशी. तिचा आठवडा ठरलेला. सोमवारी ट्रिपॅन ब्लू (मेलेल्या पेशी निळ्या दाखवणारा रंग) लावून मोजायचं, व्हायबिलिटी, म्हणजे शंभरात जिवंत पेशी किती, सत्तरच्या खाली दिसली की फायकॉलवर (पेशी घनतेनुसार वेगळ्या करणारं द्रावण) चढवून मेलेल्या पेशी काढायच्या, नव्वदच्या वर आली की सुटकेचा श्वास टाकायचा. बुधवारी पॅसेज, म्हणजे थोड्या पेशी ताज्या मीडियममध्ये, त्यांच्या पोषक द्रवात, हलवणं. शुक्रवारी जाताना थोडं ताजं मीडियम. आणि सोमवारी पुन्हा अडुसष्ट.

मी वही मागितली. तारीख, पॅसेज नंबर, व्हायबिलिटीचा टक्का, शेरा. एवढेच रकाने. मिलिलिटरमागे जिवंत पेशी किती, हा रकाना तिनं आखलेलाच नव्हता. घोळ तिथेच होता, पण ते कळायला आम्हाला आठवडा गेला, कारण आधी आम्ही दोघींनी फायकॉललाच दोष दिला. ज्या क्रमानं शोधलं त्याच क्रमानं लिहिते. तुमच्या पेशी जुरकॅट नसल्या, हायब्रिडोमा (अँटिबॉडी बनवणाऱ्या संकरित पेशी) किंवा दुसरी कुठलीही तरंगती लाइन असली, तरी बरंचसं लागू पडेल.

आधी आकडाच तपासा

त्या दिवशी तिनं न्यूबॉर चेंबरच्या (पेशी मोजायची, चौकोन आखलेली काच) एकाच मोठ्या चौकोनातल्या ४० पेशी मोजल्या होत्या. २७ चकचकीत, १३ निळ्या. भागिले केलं, ६८ टक्के. आता ४० पेशींवर काढलेल्या टक्क्याला दोन्ही बाजूंनी सुमारे १५ अंकांची सूट द्यावी लागते. खरा आकडा ५३ असेल किंवा ८३. दोनशे पेशी मोजल्या की हीच सूट साडेसहावर येते. त्यामुळे चारही कोपरे मोजा, कमी पडल्या तर चेंबर पुसून दुसऱ्यांदा भरा. कंटाळवाणं आहे, मान्य. पण "काल ७४ होती, आज ६८" यावर चर्चा करण्याआधी हे करावंच लागतं.

ट्रिपॅन ब्लूच्या बाकीच्या खोड्या अशा. ०.४ टक्क्याचा रंग आणि पेशी सम प्रमाणात मिसळल्या की तीन ते पाच मिनिटांत मोजणी संपली पाहिजे. रंग स्वतःच विषारी आहे. मिसळून ठेवलात आणि मध्येच फोन घेतलात, तर वीस मिनिटांनी धडधाकट पेशीही निळ्या दिसायला लागतात, आणि तुम्ही कल्चरला नावं ठेवता. दुसरं म्हणजे सिरममधली प्रथिनं रंग पकडून ठेवतात. १० टक्के सिरमच्या मीडियममध्ये थेट रंग टाकला की मागची सगळी पार्श्वभूमी निळसर होते आणि मेलेली पेशी फिकट दिसते. शंका आली तर एकदा पीबीएसनं (क्षारांच्या बफरनं) धुऊन मोजा. तिसरं, महिनोन्‌महिने उघडझाक झालेल्या बाटलीत रंगाच्या गुठळ्या होतात, त्या मेलेल्या पेशींसारख्याच दिसतात. रंग गाळून घ्या, किंवा एकदा पेशींशिवाय नुसता रंग चेंबरमध्ये भरून बघा. आमच्या बाटलीत असे ठिपके निघाले. तेरा निळ्यांतले दोन-तीन बहुधा तेच होते.

एवढं सगळं नीट करून तिनं पुन्हा मोजलं. दोनशे बारा पेशी, ७१ टक्के. म्हणजे पेशी खरंच मरत होत्या.

एक मर्यादा मात्र या रंगाला कायमची आहे. पेशीचं आवरण फाटलं तरच तो आत जातो. ज्या पेशीनं मरायला सुरुवात केली आहे पण आवरण अजून शाबूत आहे, ती चकचकीत दिसते आणि जिवंतांत मोजली जाते. उलट जी फुटून पार विरघळली, ती कुठेच मोजली जात नाही. म्हणून आज ९४ टक्के आलेलं कल्चर उद्या ८० वर येतं, तेव्हा त्यात जादू काही नसते.

टक्का वाढला, पण पेशी गेल्या कुठे?

आता तो रकाना. समजा फ्लास्कमध्ये १ कोटी पेशी आहेत, ६० लाख जिवंत आणि ४० लाख मेलेल्या. व्हायबिलिटी ६०. तुम्ही काहीतरी पद्धत वापरलीत आणि हातात आल्या २५ लाख, त्यांत २१ लाख जिवंत. व्हायबिलिटी ८४! वहीत टिकमार्क. पण ६० लाख जिवंतांतल्या ३९ लाख तुम्ही नळीत, पिपेटमध्ये आणि फेकलेल्या गाळात गमावल्यात. हाती आल्या फक्त ३५ टक्के. शिवाय ज्या टिकल्या त्या कुठल्या? बहुधा ठरावीक घनतेच्या आणि ठरावीक आकाराच्या. पुढचा प्रयोग त्या निवडक पेशींवर होणार.

म्हणून वेगळं करण्याआधी आणि नंतर, दोन्ही वेळा जिवंत पेशींची एकूण संख्या लिहायची. तिच्या वहीत हे नसल्यानं चार आठवड्यांत प्रत्येक फायकॉलला किती पेशी गेल्या ते सांगणं अशक्य होतं. पाचव्यांदा मोजलं तेव्हा हाती जेमतेम ४० टक्के लागल्या. इथून आम्ही फायकॉलच्या मागे लागलो.

कमी वेगाचा स्पिन: स्वस्त, पण काय काढतो ते ओळखा

फायकॉलच्या आधी हे करून बघायला हरकत नसते. सेंट्रिफ्यूजमध्ये १०० जीवर (गुरुत्वाकर्षणाच्या शंभरपट जोरावर) पाच ते दहा मिनिटं फिरवलं की जिवंत पेशी खाली बसतात, तुकडे, पोकळ आवरणं, बारीक कचरा वर राहतो. वरचं हलकेच काढून टाकायचं, ताजं मीडियम घालायचं, हवं तर पुन्हा एकदा. कचरा जातो, मायक्रोस्कोपखाली फ्लास्क एकदम स्वच्छ दिसतो. पण नुकत्याच मेलेल्या, आकार टिकवून असलेल्या पेशी बऱ्याच प्रमाणात जिवंतांबरोबरच खाली बसतात. त्या या पद्धतीनं निघतील ही आशा धरू नका.

इथली ठरलेली चूक म्हणजे आरपीएम, मिनिटाला किती फेरे. "दादा हजारवर फिरवायचा" एवढंच तोंडी चालत आलेलं असतं, आणि दरम्यान सेंट्रिफ्यूज बदललेला असतो. रोटरची त्रिज्या सेंटिमीटरमध्ये, गुणिले आरपीएमचा वर्ग, गुणिले ०.००००१११८, असं केलं की जी मिळतो. १० सेंटिमीटरच्या रोटरवर हजार आरपीएम म्हणजे ११२ जी, १६ सेंटिमीटरवर तेच हजार म्हणजे १७९ जी. आणि घाईत कुणी दीडहजार ठेवले तर मोठ्या रोटरवर ४०० जी होतात, सगळा कचरा जिवंतांसोबत घट्ट बसतो. झाकणावर चिकटपट्टी लावून तिच्यावर जी लिहून ठेवा.

फायकॉल का फसतं

बाटलीवरचं नाव फायकॉल-पाक असो, हिस्टोपेक असो की हायसेप, लिम्फोसाइटसाठीचं द्रावण म्हणजे घनता १.०७७. अर्ने ब्यॉयम यांनी ऑस्लोत १९६८ मध्ये रक्तातून लिम्फोसाइट वेगळ्या करण्यासाठी जी रीत दिली, तीच आपण कल्चरमधल्या मेलेल्या पेशी काढायला वापरतो. तत्त्व ट्रिपॅन ब्लूचंच आहे: कुंपण शाबूत की मोडलेलं. जिवंत पेशी द्रावणाला आत घेत नाही, तिची स्वतःची घनता १.०७७ पेक्षा कमी, म्हणून ती द्रावणाच्या वरच तरंगते. मेलेल्या पेशीत द्रावण शिरतं. मग तिच्यात उरलेली प्रथिनं आणि केंद्रक यांचं वजन वरताण होतं आणि ती तळाला जाते. मरणाच्या वाटेवर आक्रसलेल्या पेशीही पाणी गमावल्यानं जड होतात, त्यांतल्या पुष्कळ खाली जातात, सगळ्या नाही.

१५ मिलिलिटरच्या नळीत खाली ५ मिलिलिटर द्रावण, वर तिरप्या नळीच्या कडेनं थेंब थेंब सोडलेल्या ५ मिलिलिटर पेशी, ४०० जी, २० मिनिटं, १८ ते २० अंश, ब्रेक बंद. मधली धुरकट रिंग पिपेटनं उचलायची, निदान तिप्पट मीडियममध्ये पातळ करून धुवायची. हे धुणं ३०० जीच्या आसपास करा, कारण सोबत आलेल्या द्रावणामुळे पेशी लवकर बसत नाहीत. पातळ न करता १०० जीवर धुतलं आणि पेशी वरच्या पाण्याबरोबर सिंकमध्ये गेल्या, असं मी स्वतः केलेलं आहे.

आमच्या ४० टक्क्यांचं कारण सापडलं ते गाळात. ज्युनिअर नळीचा तळ नेहमीच्या सवयीनं ब्लीचमध्ये टाकत होती. त्या दिवशी म्हटलं, थांब, याचाही थेंब लाव. ट्रिपॅन ब्लूखाली गाळात निम्म्याहून जास्त पेशी चकचकीत! जिवंत पेशी खाली कशा गेल्या?

मे महिना होता. कॉमन इन्स्ट्रुमेंट रूमचा एसी बंद, सेंट्रिफ्यूज साधा, थंड न होणारा. थांबल्याबरोबर आत थर्मामीटर ठेवला तर ३३ अंश. द्रावणाची १.०७७ ही घनता २० अंशाची आहे. गरम झालं की ते पातळ पडतं आणि काठावरच्या घनतेच्या जिवंत पेशी त्यातून खाली निसटतात. उलट फ्रीजमधून काढल्याकाढल्या वापरलं तर द्रावण जास्त दाट असतं, जे खाली जायला हवं तेही वर अडकतं. आम्ही शेजारच्या लॅबचा कूलिंगचा सेंट्रिफ्यूज मागून घेतला, २० वर लावला, द्रावण आणि पेशी दोन्ही त्या तापमानाला येऊ दिलं. जिवंत पेशी ७८ टक्के हाती आल्या.

गाळात जिवंत पेशी सापडण्याचं दुसरं कारण गुठळ्या. मेलेल्या पेशींतून सांडलेला डीएनए चिकट असतो, साबुदाण्याच्या खिचडीसारखी गत होते. त्या लगद्यात जिवंत पेशी अडकतात आणि त्याच्याबरोबर तळाला जातात. नळी हलवल्यावर दोरे किंवा पुंजके दिसले तर आधी डीएनेज वन (डीएनए तोडणारं एन्झाइम) घाला, मॅग्नेशियम असलेल्या मीडियममध्ये, पंधरा मिनिटं. मग ४० मायक्रॉनच्या जाळीतून गाळा. जोरजोरात पिपेट मारून पुंजके फोडू नका, त्यानं आणखी पेशी फुटतात, आणखी डीएनए सांडतो. ब्रेक चालू राहिला असेल तर रिंगच विस्कटते, हे वेगळं सांगायला नको. पण बटण कुणी बदललंय का ते दर वेळी बघा.

तुमच्या पेशींची मूळ घनताच १.०७७ च्या वर असेल तर मात्र ही पद्धत सोडा. हे ओळखायला चांगलं, ९५ टक्क्यांचं कल्चर एकदा फायकॉलवर घालून बघायचं. त्यातल्याही जिवंत पेशी खाली गेल्या, की द्रावण तुमच्या कामाचं नाही. तोवर, आणि नंतरही, मोजल्याशिवाय गाळ फेकू नका.

अॅनेक्सिनच्या मॅग्नेटिक बीड्स

या बीड्स म्हणजे अॅनेक्सिन लावलेले बारीक चुंबकी मणी. महाग आहेत, म्हणून मार्गदर्शकांना पटवावं लागतं. मरू घातलेली पेशी आवरणाच्या आतल्या बाजूचं फॉस्फॅटिडिलसेरीन हे स्निग्ध द्रव्य बाहेर काढते. अॅनेक्सिन व्ही हे प्रथिन त्याला चिकटतं, चुंबकाच्या कॉलममध्ये ती पेशी अडकते, जिवंत खाली गळतात. ट्रिपॅन ब्लूला न दिसणाऱ्या, अर्ध्या वाटेवरच्या पेशीही इथे पकडल्या जातात, ही या पद्धतीची खरी जमेची बाजू.

"बीड्स घातल्या तरी काहीच अडकलं नाही" ही तक्रार आली की माझा पहिला प्रश्न: ईडीटीए होतं का? अॅनेक्सिन कॅल्शियमशिवाय चिकटतच नाही, बाइंडिंग बफरमध्ये २.५ मिलिमोलर कॅल्शियम असतं ते त्याचसाठी. ट्रिप्सिन-ईडीटीएनं पृष्ठभागावरून सोडवलेल्या पेशी नीट न धुता घातल्या, किंवा सवयीनं कॉलमचा नेहमीचा ईडीटीएवाला बफर वापरला, की कॅल्शियम त्यातच बांधलं जातं आणि मेलेल्या पेशी आरामात जिवंतांबरोबर खाली येतात. उलट तक्रार, म्हणजे जिवंतही अडकल्या, असेल तर पेशी नुकत्याच वितळवल्या किंवा ट्रिप्सिननं सोडवल्या होत्या का ते पाहा. अशा धक्क्यानंतर चांगल्या पेशीही काही काळ फॉस्फॅटिडिलसेरीन बाहेर दाखवतात आणि मग सावरतात. त्यांना थोडा वेळ इन्क्युबेटरमध्ये द्या.

सॉर्टर (एकेक पेशी निवडून वेगळी करणारं यंत्र) हाताशी असेल आणि थोड्याच पण अगदी स्वच्छ पेशी हव्या असतील तर प्रोपिडियम आयोडाइड किंवा सेव्हन-एएडी हे मेलेल्या पेशींत शिरणारे रंग लावून सॉर्ट करा. रोजच्या कल्चरसाठी त्याच्या वाट्याला जाऊ नका.

पृष्ठभागाला चिकटून वाढणाऱ्या पेशींचं सोपं आहे. मेलेल्या सुटून तरंगतात, पीबीएसनं हलकं धुतलं की गेल्या. फक्त विभाजन चालू असलेल्या पेशीही गोल होऊन सैल बसतात, फ्लास्क आपटून धुतलात तर त्याही जातील.

तरी सोमवारी पुन्हा का?

सेंट्रिफ्यूज सुधारला, ७८ टक्के पेशी हाती आल्या, व्हायबिलिटी ९४. पुढच्या सोमवारी: ७०. तिचा चेहरा पडला, माझाही. वेगळं करणं आता नीट होत होतं, आणि तरी पेशी मरतच होत्या.

आधी मायकोप्लाझ्मा, कल्चरमध्ये लपून वाढणारा अतिसूक्ष्म जिवाणू. कल्चर रेंगाळत असेल, मीडियम गढूळ नाही, मायक्रोस्कोपखाली जंतू दिसत नाहीत, तरी हा संशय पहिला. १९५६ पासून कल्चरवाल्यांच्या मागे लागलेला आहे. त्याला पेशीभित्तिका नाही, त्यामुळे पेनिसिलीन त्याचं काही बिघडवत नाही, आणि इतका लहान आणि लवचीक की ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधूनही निसटू शकतो. काही दिवस मीडियम न बदलता ठेवलेल्या कल्चरचा वरचा भाग घेऊन पीसीआर केला. निगेटिव्ह. पॉझिटिव्ह आला असता तर मी फ्लास्क ब्लीच करून पुण्याच्या एनसीसीएससारख्या पेशींच्या भांडारातून तपासलेल्या नव्या पेशी मागवायला सांगितलं असतं. मायकोप्लाझ्मा असलेल्या कल्चरमधून मेलेल्या पेशी गाळत बसण्यात काही अर्थ नाही.

इन्क्युबेटरच्या तळातलं पाण्याचं ताट कोरडं नव्हतं. ते कोरडं पडलं की मीडियममधलं पाणी उडतं, क्षार वाढतात, पेशी आक्रसतात. सुट्टीनंतर हे नेहमी बघते. कार्बन डायऑक्साइड ५ टक्के. सिरमची बाटली दोन महिने तीच, त्याच बाटलीवर शेजारचं कल्चर मजेत. गोठवलेल्या पेशींची व्हायल चार महिन्यांपूर्वी वितळवलेली, म्हणजे तो प्रश्नही नाही. (नुकत्याच वितळवलेल्या पेशी असतील तर पहिल्या तासाचा टक्का धरू नका. गोठवण्याच्या धक्क्यानं पुष्कळ पेशी पुढच्या २४ तासांत मरतात. दुसऱ्या दिवशी मोजा, वेगळं करायचं ते तेव्हा.)

मग मी तिला म्हटलं, या शुक्रवारी जाताना जिवंत पेशी मिलिलिटरमागे किती आहेत ते मोज. टक्का नको.

शुक्रवार संध्याकाळ, सहा वाजता: ८ लाख. व्हायबिलिटी ९३, म्हणून ती खूश. वरून थोडं ताजं मीडियम, फ्लास्क आत, दिवे बंद. सोमवारी सकाळी दहापर्यंत होतात ६४ तास. आमच्या हातात जुरकॅट साधारण ३० तासांत दुप्पट होतात. ६४ तासांत सव्वाचार-साडेचार पट. म्हणजे सोमवारी मिलिलिटरमागे ३५ लाख व्हायला निघालेल्या पेशी. जुरकॅट १ ते १० लाखांच्या दरम्यान ठेवायच्या, ३० लाखांपुढे कधीच जाऊ द्यायच्या नाहीत. रविवारी दुपारी केव्हातरी ग्लुकोज संपत आलेलं, लॅक्टेट साठलेलं, ग्लुटामिन मोडून अमोनिया वाढलेला. सोमवारी मीडियम पिवळं दिसायचं, त्याकडे तिनं "पेशी छान वाढतायत" म्हणून बघितलं होतं. शेऱ्याच्या रकान्यात तीन सोमवारी "मीडियम पिवळं" असं लिहिलेलंही होतं.

म्हणजे दर आठवड्याला शनिवार-रविवारी पेशी उपाशी मरायच्या, सोमवारी आम्ही प्रेतं उचलायचो, आणि शुक्रवारी पुन्हा तीच गर्दी घरात कोंडून कुलूप लावायचो.

उपाय काही थोर नव्हता. शुक्रवारी संध्याकाळी मोजून मिलिलिटरमागे २ लाखांवर आणायचं, ताज्या मीडियममध्ये. सोमवारी पोचतात पावणेनऊ लाखांच्या आसपास. लांबलचक सुट्टी असेल, गणपतीत किंवा दिवाळीत, तर १ लाख ठेवायचं आणि मध्ये एक दिवस कुणीतरी येऊन बघायचं. एक लाखाच्या फार खाली मात्र जाऊ नका, एवढ्या विरळ पेशी वाढायलाच आढेवेढे घेतात.

वहीत आता नवा रकाना आहे, हिरव्या शाईनं आखलेला. गेल्या चार सोमवारचे आकडे: ९२, ९४, ९१, ९४. जिवंत पेशी ८ ते ९ लाख. फायकॉलची बाटली महिनाभर उघडलेली नाही. उरलेल्या सहा ते नऊ टक्के मेलेल्यांचं आम्ही काही करत नाही, बुधवारच्या पॅसेजला कल्चर पातळ झालं की त्याही पातळ होतात.